नोकरी लवकर सोडायची? हिशेबात वावर शून्य धरा

“साठ लाख बँकेत टाकून देतो. सात टक्क्यानं महिन्याचे पस्तीस हजार येते. घर घरचं हाये, वावर हाये. आता कायले कोणाची चाकरी करू?” बुटीबोरीच्या कारखान्यात, अकोल्याच्या एमआयडीसीत किंवा पुण्याला वीस-पंचवीस वर्षं काढून पन्नाशीला टेकलेल्या माणसाकडून हे गणित हमखास ऐकायला मिळतं. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. साठ लाखांवर सात टक्के म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, आणि खेड्यात घरचं घर असेल तर चार लाखांत वर्ष नीट निघतं.

पहिल्या वर्षी २० हजार उरतातही. पण खर्च दरसाल ६ टक्क्यांनी वाढला तर दुसऱ्याच वर्षी व्याज आणि खर्च बरोबरीला येतात. तिसऱ्या वर्षी मुद्दलाला हात लागतो. पुढच्या वर्षी मुद्दल कमी म्हणून व्याज कमी, व्याज कमी म्हणून मुद्दलातून जास्त उचल. अशानं सोळा-सतरा वर्षांत खातं कोरडं होतं. पन्नाशीत नोकरी सोडलेला माणूस तेव्हा सहासष्ट-सदुसष्टचा असतो. त्या वयात त्याला कोणी कामावर घेत नाही आणि वावरात वखर धरायचं बळही उरलेलं नसतं.

म्हणून सोडूच नका, असं मी म्हणणार नाही. खेड्यात राहणं शहरापेक्षा खरंच स्वस्त पडतं, आणि पुरेशी तयारी असेल तर मुदतीआधी निवृत्त होऊन गुंतवणुकीवर जगता येतं. फक्त हिशेब कोणत्या क्रमानं करायचा ते महत्त्वाचं आहे. बहुतेक जण आधी व्याज मोजतात आणि मग खर्च त्यात बसवतात. सुरुवात खर्चापासून करायची.

पाडवा ते पाडवा वही लिहा

एका गुढीपाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत घरातला प्रत्येक खर्च लिहायचा. महिन्या-दोन महिन्यांचा अंदाज चालत नाही, कारण गावातला खर्च महिन्याच्या मापानं येत नाही. मार्च-एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, जूनमध्ये पोरांच्या फिया आणि पेरणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी, आणि तेरवी-वास्तुपूजन तर बाराही महिने. उन्हाळ्यात दोन कूलर चालले की विजेचं बिल एकदम वर जातं.

उदाहरणासाठी दारव्हा तालुक्यातलं एक घर धरू. नवरा पन्नासचा, बायको सेहेचाळीसची, म्हातारी आई आणि यवतमाळला कॉलेजात असलेली मुलगी. सहा एकर कोरडवाहू वावर. या घराचा दरमहाचा खर्च असा: किराणा, दूध, भाजीपाला ९,०००, गॅस, वीज, मोबाइल ३,०००, पेट्रोल आणि गाडी २,५००, औषधं २,५००, कपडेलत्ते आणि किरकोळ ३,०००. झाले २०,०००, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. इथपर्यंत सगळे बरोबर मोजतात.

राहून जातात ते वर्षाकाठचे खर्च. आरोग्य विम्याचा हप्ता ४०,०००. लग्नांचे आहेर, तेरव्या, पाहुणेरावळे ३०,०००. स्लॅब गळणं, रंग, मोटार जळणं मिळून घरदुरुस्ती २०,०००. नागपूरच्या दवाखान्याच्या चकरा आणि एखादं देवदर्शन २०,०००. आईची देखभाल २०,०००. मोटरसायकल, फ्रिज, कूलर, मोबाइल ही सगळी कधी ना कधी बदलावीच लागतात. त्यासाठी दरवर्षी ३०,००० बाजूला. हे झाले १ लाख ६० हजार. महिन्याला वीस हजार म्हणणाऱ्या घराचा खरा खर्च वर्षाला चार लाख निघतो.

तुमचे आकडे वेगळे निघतील. पण वर्षाकाठचे खर्च दरमहाच्या खर्चाच्या वर्षभराच्या बेरजेच्या निम्म्याहून कमी आले, तर वहीत काहीतरी लिहायचं राहिलं आहे असं समजा. ही वही घरातल्या बाईनं लिहिली तर जास्त खरी निघते, हा माझा अनुभव आहे. पुरुषांना आहेराची पाकिटं आठवतात, साखरेचा भाव आठवत नाही.

मुलीचं शिक्षण आणि लग्न या वहीत धरायचं नाही. ते वेगळे काढायचे पैसे. या घरासाठी शिक्षणाला ६ लाख आणि लग्नाला ८ लाख धरू. हे १४ लाख आजपासूनच दुसऱ्या खात्यात, आणि त्यांचं व्याजही घरखर्चात घ्यायचं नाही.

वावराची खरी किंमत: शून्य

आता कळीचा मुद्दा. विदर्भातल्या माणसाच्या हिशेबात एक वाक्य ठरलेलं असतं, “आणि वावर तर आहेच.” हे वाक्य खोडून टाका. उत्पन्नाच्या रकान्यात वावरापुढे शून्य लिहा. तरीही हिशेब उभा राहिला तरच नोकरी सोडा.

एक एकर सोयाबीनचा हिशेब जवळून पाहू. बियाणं ३,०००, खत २,५००, ट्रॅक्टरची वखरणी आणि पेरणी २,५००, तणनाशक-डवरणी-निंदण ३,५००, फवारण्या ३,०००, सोंगणी ३,५००, थ्रेशर १,५००, बाजार समितीपर्यंत भाडं ५००. झाले २०,०००. एकरी सहा क्विंटल झालं आणि ४,२०० भाव मिळाला तर २५,२०० हाती येतात. एकरी ५,२०० सुटले, सहा एकरांत ३१ हजार. सोंगणीच्या वेळी पाऊस आला आणि चारच क्विंटल हाती लागलं तर एकरी ३,२०० खिशातून, सहा एकरांत १९ हजारांचा खड्डा. यात तुमची स्वतःची मेहनत धरलेलीच नाही.

भावाचं म्हणाल तर २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. २०२४ ला हमीभाव ४,८९२ असताना बाजारात त्याच्याही खाली विकलं गेलं. कापसाची गत निराळी नाही. २०१७ ची गुलाबी बोंडअळी कोणता कास्तकार विसरला आहे? वरूड-मोर्शी, काटोलकडे संत्र्याचा बगीचा असेल तर आकडे मोठे, पण आंबिया बहार गळाला तर तोटाही तेवढाच मोठा.

तरी माझी खरी भीती उत्पन्नाची नाही. निवृत्त होऊन गावात आलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी असतात, रिकामा वेळ आणि बँकेतली मोठी रक्कम. वावर या दोन्ही खातं. पहिल्या वर्षी बोअर, तो कोरडा गेला म्हणून दुसरा बोअर. मग ठिबक. रोही आणि रानडुक्कर रात्रीतून पीक लोळवतात म्हणून तारेचं कुंपण, झटका मशीन. मग माल ठेवायला टिनाचं शेड, शेडच्या राखणीला माणूस. प्रत्येक खर्चामागं कारण पटण्यासारखंच असतं. तीन वर्षांत दहा-बारा लाख मातीत जातात आणि त्या पैशाचं येणारं व्याजही जातं.

यावर उपाय आहे. वावराचं बँक खातं वेगळं करा. सुरुवातीला त्यात एकदाच ठरावीक रक्कम टाका, सहा एकरांना दीड लाख धरा, आणि त्यानंतर वावरानं स्वतःच्या पैशावर चालायचं. माल विकून आलेला चुकारा त्याच खात्यात, पेरणीचा खर्च त्याच खात्यातून. पीएम-किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० मिळत असतील तर तेही तिथंच. खातं रिकामं झालं की पुढच्या हंगामात वावर बटईनं (पिकात वाटा घेऊन) किंवा मक्त्यानं (ठरलेल्या रकमेवर) द्यायचं. मक्ता आधी रोखीनं घ्या, आणि कागद करा. वावरात राबायची हौस असेल तर जरूर राबा, हौसेला कोण नाही म्हणतं! पण हौस पोटाच्या पैशातून नको.

आणखी एक. सातबारा उघडून बघा. नाव सामाईक असेल, भावांची वाटणी व्हायची असेल, बहिणींचे हक्क सुटलेले नसतील, तर अडीअडचणीला “एखादा एकर विकू” हा बेतही हिशेबातून काढा. वाटणीचं काम नोकरीत असतानाच उरकून घ्या. निवृत्त माणसाला घाई असते हे भावकीला बरोबर कळतं.

किती पट पैसा लागेल

वर्षाचा खर्च चार लाख, वावर शून्य. आता किती जमलं म्हणजे पुरे?

अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तिथल्या जुन्या आकड्यांवरून एक मोजमाप मांडलं. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढायचे, पुढे महागाईइतकी वाढ करत जायची, तर पैसा ३० वर्षं टिकतो. चार टक्के म्हणजे खर्चाच्या २५ पट. हा आकडा आता आपल्याकडेही सर्रास सांगितला जातो, पण तो तिथला शेअर बाजार, तिथले सरकारी रोखे, तिथली महागाई आणि ३० वर्षांचा काळ धरून काढलेला आहे. पन्नाशीतल्या जोडप्याला पस्तीस-चाळीस वर्षांची सोय पाहायची असते, कारण बायको वयानं लहान असते आणि बहुधा जास्त जगते. माझ्या मते आपल्याकडे ३० पटीच्या खाली जाऊ नये. चाळिशीतच सोडायचं असेल तर ३५ पट.

या घराला ३० पट म्हणजे १ कोटी २० लाख. मुलीचे १४ लाख वेगळे. एकूण १ कोटी ३४ लाख. साठ लाखांवर निघालेल्या माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटेल, पण महागाईचं कोष्टक सोपं आहे. ६ टक्क्यांनी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आजचे चार लाख बासष्टीला आठ लाख आणि चौऱ्याहत्तरीला सोळा लाख. पोह्याची प्लेट बारा वर्षांपूर्वी किती रुपयांना होती ते आठवा, म्हणजे पटेल.

सगळे १ कोटी २० लाख ठेवीतच ठेवले तर? कर गेल्यावरचं व्याज आणि महागाई सारखीच धावली, तर ३० पट पैसा बरोबर ३० वर्षं पुरतो. म्हणजे ऐंशीपर्यंत. बायको तेव्हा शहात्तरची. म्हणून थोडा पैसा महागाईच्या पुढे पळेल अशा जागी लागतोच.

रक्कम कमी पडत असेल तर लगेच निराश होऊ नका. पूर्ण निवृत्तीऐवजी अर्धी निवृत्ती घेता येते. तालुक्याच्या गावी कृषी केंद्राचे हिशेब, शिकवण्या, मोटार रिवाइंडिंग, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, जे येत असेल ते. महिन्याला आठ हजार मिळाले तर वर्षाचे ९६ हजार, आणि दहा वर्षं केलं तर साधारण नऊ-दहा लाख मुद्दल वाचतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे सुरुवातीची वर्षं सांभाळली जातात. ती का नाजूक असतात ते पुढे येतं.

पेन्शनवाल्यांचं गणित वेगळं

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. वीस वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. महागाई भत्त्यासोबत पेन्शन वाढत असल्यामुळे या लोकांना ३० पटीची गरज नाही. पेन्शन वजा जाता जो खर्च उरेल त्याच्याच ३० पट धरा. मात्र पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते, म्हणून पाच वर्षं आधी सोडताना पाच वेतनवाढी आयुष्यभरासाठी सोडत आहोत हे लक्षात ठेवा. त्या तारखेनंतर लागलेल्यांनी आपल्या योजनेचे मुदतपूर्व बाहेर पडण्याचे नियम कार्यालयातून लेखी घ्यावेत.

खाजगी नोकरीतल्यांची ईपीएफ पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. ५० नंतर आधीही घेता येते, पण ५८ ला कमी असलेल्या दर वर्षामागे ४ टक्के कपात कायमची. ती महागाईप्रमाणे वाढत नाही, त्यामुळे तिला किराण्याचा आधार समजा, जगण्याचा नव्हे.

पैसा कुठे ठेवायचा

१ कोटी २० लाखांची एक मांडणी देतो. हीच बरोबर असं नाही, पण गावातून सांभाळता येण्याजोगी आहे.

८ लाख, म्हणजे दोन वर्षांचा खर्च, बँकेत. थोडे बचत खात्यात, बाकीचे लहान-लहान मुदत ठेवींत. एकच आठ लाखांची ठेव करू नका, पन्नास हजारांसाठी सगळी मोडावी लागते.

१५ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. एकट्याच्या नावावर ९ लाखांची मर्यादा, संयुक्त खात्याला १५ लाख. २०२५-२६ मध्ये दर ७.४ टक्के होता, म्हणजे महिन्याला ९,२५० रुपये. किराणा आणि दुधाचा प्रश्न इथंच मिटला. पाच वर्षांची मुदत.

४७ लाख ठेवी, पीपीएफ आणि रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट (बदलत्या व्याजदराच्या) बाँडमध्ये. या बाँडची मुदत सात वर्षं, व्याज सहामाही, दर एनएससीपेक्षा (पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा) ०.३५ टक्के जास्त, आणि गुंतवणुकीला वरची मर्यादा नाही. पीपीएफ जुनं असेल तर मोडू नका. पंधरा वर्षं झाल्यावर पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं आणि त्याचं व्याज करमुक्त आहे. ठेवींच्या मुदती एक, दोन, तीन, चार, पाच वर्षं अशा पायरीनं ठेवा. सगळ्या एकाच वर्षी संपल्या आणि नेमका तेव्हाच दर पडलेला असला तर पंचाईत. २०२०-२१ मध्ये मोठ्या सरकारी बँकांचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले होते, हे सात टक्के गृहीत धरणाऱ्यांनी विसरू नये.

उरलेले ५० लाख इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्स-निफ्टीतले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, आणि तेही एकदम न टाकता दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं. या पैशाकडे पहिली सात-आठ वर्षं खर्चासाठी बघायचं नाही. जानेवारी २००८ मध्ये २०,००० च्या वर असलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ९,००० च्या खाली गेला होता. समजा सगळे १ कोटी २० लाख बाजारात आहेत आणि निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी बाजार अर्धा झाला. उरले साठ लाख, त्यातून चार लाख काढायचे म्हणजे जवळपास सात टक्के. त्यानंतर बाजार सावरला तरी विकून टाकलेली युनिटं परत येत नाहीत. हीच घसरण पंधराव्या वर्षी आली असती तर एवढं बिघडलं नसतं. सुरुवातीची वर्षं नाजूक म्हणतात ती यामुळे. वरच्या मांडणीत बाजार अर्धा झाला तरी ७० लाख जागच्या जागी राहतात आणि तुम्हाला थांबता येतं. ती सात-आठ वर्षं गेल्यावर बाजार चांगला असेल त्या वर्षी फंडातून दोन वर्षांचा खर्च काढून बँकेत भरून ठेवा, पडला असेल त्या वर्षी फंडाला हात लावू नका. नियम एवढाच.

साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे: ३० लाखांपर्यंत, २०२५-२६ चा दर ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला. ५५ ते ६० वयात निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही ती खुली आहे, पण निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. चौपन्नाव्या वर्षी सोडायचा विचार असेल तर एक वर्ष थांबण्याला हे चांगलं कारण आहे.

आता कुठे ठेवायचा नाही ते. पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देते आणि तिचा अध्यक्ष आपल्याच गावचा असतो. पण बँकेतल्या ठेवीला दर माणसामागे, दर बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. तो विमा पतसंस्थेला लागू नाही. सहकारी बँकांना आहे, पण पाच लाखांच्या वरचं तिथंही उघड्यावर. विदर्भातल्या काही जिल्हा बँका मागे अडचणीत आल्या तेव्हा ठेवीदारांनी स्वतःच्याच पैशासाठी किती चकरा मारल्या ते जुन्या माणसांना विचारा. मोठी रक्कम सरकारी बँक आणि पोस्टातच. महिन्याला तीन टक्के देणारा, मग तो कितीही नात्यातला असो, त्याला चहा पाजून रवाना करा. आणि बँकेत मोठी रक्कम दिसली की ओळखीचे साहेब खुर्ची देऊन “एक चांगली स्कीम आहे” म्हणतात, ती बहुतेक वेळा विमा पॉलिसी असते. पाच वर्षं हप्ते भरायचे असं ऐकलं की उठायचं.

कराची फार काळजी नको. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. इक्विटी फंडाचा (वरचा इंडेक्स फंड त्यातलाच) नफा त्या सवलतीत येत नाही; वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिटांवर सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे १२.५ टक्के. बायकोच्या नावावर ठेव केली म्हणजे व्याज तिचं होतं हा समज चुकीचा आहे, नवऱ्यानं दिलेल्या पैशाचं व्याज त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. पण ठेव तिच्या नावावर असण्याची दुसरी कारणं आहेत. उद्या तुम्ही नसलात तर तिला तालुक्याला दहा चकरा माराव्या लागू नयेत. प्रत्येक खातं संयुक्त, प्रत्येक ठिकाणी नॉमिनीची नोंद, आणि एक साधं मृत्युपत्र.

समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पात जमीन जाऊन एकरकमी मोबदला आलेल्यांनाही हेच लागू. त्यांनी आणखी एक करावं: सहा महिने सगळी रक्कम दोन-तीन सरकारी बँकांत ठेवून स्वस्थ बसावं. त्या काळात गाडी नाही, प्लॉट नाही, भागीदारी नाही.

दवाखाना

कंपनीचा गट विमा नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. स्वतःचा कुटुंब विमा त्याच्या दोन-तीन वर्षं आधी घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा थांबा असू शकतो. बीपी-शुगर फॉर्मवर लपवू नका, दावा तिथंच अडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मिळतात. कार्ड काढून ठेवा. पण रोजची गोळी-औषधं, तपासण्या आणि रात्री दोनला यवतमाळहून नागपूरला न्यायची गाडी त्यात येत नाही. म्हणून लाखभर रुपये असे ठेवा की बायको किंवा पोरगी मोबाइलवरून लगेच काढू शकेल.

गावाला कळलंच पाहिजे असं नाही

शहरात शेजाऱ्याला तुमची ठेव माहीत नसते. गावात पोस्टातून बाहेर पडायच्या आत माहीत होते. मग हातउसने सुरू होतात. पेरणीला वीस हजार, पोराच्या ॲडमिशनला चाळीस, दवाखान्याला पन्नास. कारणं खरी असतात म्हणूनच नाही म्हणणं कठीण जातं.

वर्षाला एक रक्कम ठरवा, पंचवीस हजार म्हणा, आणि ती परत येणार नाही असं धरूनच द्या. संपली की संपली. “पैसे फंडात अडकले आहेत, पोरीच्या नावावर आहेत” हे उत्तर खोटंही नाही. आणि कुणाच्याही कर्जाला जामीन राहायचं नाही, सख्ख्या साळ्याच्याही नाही. कर्जदारानं हप्ते थकवले की वसुलीची नोटीस जामीनदाराच्या घरी येते, आणि स्थिर उत्पन्नाचा निवृत्त माणूस वसुलीवाल्यांना सगळ्यात सोपा सापडतो.

राजीनाम्याआधीचं वर्ष

सगळं जुळलं तरी लगेच राजीनामा देऊ नका. एक वर्ष ठरलेल्या खर्चातच राहून बघा. साठवलेल्या रजा घेऊन गावात महिना-दीड महिना सलग राहा, आणि तो दिवाळीत नको, मे महिन्यात. पारा ४५ च्या वर, दुपारची वीज गेलेली, नळाला चार दिवसांआड पाणी, अशात तुम्ही आणि मुख्य म्हणजे बायको रमते का ते कळेल. वीस वर्षं नागपुरात राहिलेली बाई सासरच्या गावात कायमची जायला मनापासून तयार आहे का, हे पैशाइतकंच मोठं आहे. तिला विचारा, गृहीत धरू नका.

कर्ज एकही ठेवू नका. घराचं, गाडीचं, सोन्यावरचं, सोसायटीचं. पीक कर्ज बिनव्याजी मिळतं म्हणून घेत असाल तर मुदतीत भरा, कर्जमाफीची वाट पाहत थकवू नका.

नोकरीची शेवटची तारीख शक्यतो मार्चअखेरीची, म्हणजे त्या वर्षाचा पगार आणि पुढच्या वर्षाचं व्याज करात एकत्र येत नाही. विमा सुरू, सातबारा मोकळा, पोस्टाचं खातं उघडलेलं, दोन वर्षांचा खर्च बँकेत, आणि वर्षाची वही चार लाखांच्या आत. यातलं एकही राहिलं असेल तर तेवढं होईस्तोवर नोकरी चालू ठेवा.

सोडल्यानंतर दर पाडव्याला एकदा हिशेब करायचा. वर्षाचा खर्च भागिले शिल्लक रक्कम. साडेतीन टक्क्यांच्या आसपास असेल तर चालू द्या. साडेचारच्या वर गेलं तर त्या वर्षी खर्च वाढवायचा नाही, गाडी बदलायची असेल तर पुढे ढकलायची. सलग दोन वर्षं पाचच्या वर राहिलं तर अर्धवेळ काम शोधायचं, आणि ते साठीच्या आत शोधायचं.